हळदीच्या लाँग रीड्सची दुरुस्ती: कॅनू, एफएमएलआरसी, व्हीचॅट की दुरुस्तीशिवाय थेट असेंब्ली?

प्रश्न
संगमकाठ, सांगली

नमस्कार. मी सांगलीत वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते आहे. राजापुरी आणि सेलम या आपल्याकडच्या हळदीच्या दोन वाणांच्या जीनोमची तुलना हा माझा विषय आहे. कर्क्युमिन तयार करणाऱ्या एन्झाइमांची जनुके, म्हणजे डीसीएस आणि कर्स१, कर्स२, कर्स३, या दोन वाणांत किती प्रतींमध्ये आहेत आणि त्यांच्या ॲलील्समध्ये, म्हणजे एकाच जनुकाच्या निरनिराळ्या रूपांमध्ये, कोणता फरक आहे, हे मला पाहायचे आहे. हळद बियांपासून नव्हे तर बेण्यापासून वाढते. शेतकरी जेठे गड्डे राखून वर्षानुवर्षे तोच वाण लावत राहतो, तेव्हा त्या वाणातील ॲलील्सचे मूळ मिश्रण जवळजवळ जसेच्या तसे टिकून राहते. माझ्या तुलनेचा सगळा आधार हे मिश्रणच आहे, आणि ते दुरुस्तीच्या टप्प्यावर हरवू नये अशी माझी इच्छा आहे.

माझ्याकडील डेटा असा आहे. राजापुरीचे नॅनोपोर रीड्स, म्हणजे यंत्राने सलग वाचलेले डीएनएचे लांब तुकडे, आर ९.४.१ फ्लोसेलवर (यंत्रातील वाचक पट्टीवर) घेतलेले असून कव्हरेज, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी किती वेळा वाचली गेली तो आकडा, सुमारे ३० पट आहे. सेलमचे रीड्स नंतर घेतले, ते आर १०.४.१ वर आहेत आणि कव्हरेज तितकेच आहे. दोन्ही वाणांचे इल्युमिनाचे आखूड पण अचूक रीड्स, १५० बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) पेअर्ड-एंड, म्हणजे तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून वाचलेले, प्रत्येकी सुमारे ६० पट आहेत. ही सर्व कव्हरेज एक अब्ज बेसचा जीनोम धरून काढली आहे. भोपाळच्या आयसरमधील गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली हळदीची असेंब्ली (रीड्स जोडून उभा केलेला जीनोम) १.०२ अब्ज बेसची होती, म्हणून हा आकडा घेतला. विभागात ३२ कोअर आणि १२८ जीबी रॅमचा एक सर्व्हर उपलब्ध आहे.

वाचनात आलेल्या तुलनात्मक लेखांमध्ये रीड्समधील चुका दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमसाठी दुरुस्तीपूर्वीची आणि दुरुस्तीनंतरची चुकांची टक्केवारी दिलेली असते. मी राजापुरीच्या थोड्या रीड्सवर कॅनूची दुरुस्ती आणि लॉरडेक असे दोन्ही चालवून पाहिले. दोन्हींमध्ये टक्केवारी चांगली उतरली, परंतु एकाच रीडच्या दोन दुरुस्त प्रती शेजारी ठेवल्या तर त्या अनेक ठिकाणी एकमेकींशी जुळत नाहीत. यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा, एफएमएलआरसी, व्हीचॅट किंवा हेरो हे माझ्या कामाला अधिक योग्य आहेत का, आणि मुळात त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या) पिकासाठी या प्रोग्रॅमची तुलना कोणत्या निकषावर करावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


उत्तर १
यवतेश्वर, सातारा

ताई, तुमच्या प्रश्नातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. चुकांची टक्केवारी हा निकष जीवाणू किंवा एकगुणित यीस्टसाठी पुरेसा असतो, कारण तिथे प्रत्येक जागी एकच खरे उत्तर असते. हळदीत २एन = ३एक्स = ६३, म्हणजे प्रत्येक जागी तीन उत्तरे असू शकतात आणि ती तिन्ही खरी असतात. अशा पिकात जो प्रोग्रॅम सगळ्या रीड्सना एकसारखे करून टाकतो त्याची टक्केवारी उत्तम दिसेल, आणि तरीही त्याने नेमके तुम्हाला हवे तेच पुसून टाकलेले असेल.

हे आकड्यांत पाहा. एका जागी तीन गुणसूत्रांपैकी दोनांवर टी आणि एकावर सी आहे असे समजा. तुमच्या ३० पट कव्हरेजमध्ये साधारण २० रीड्स टी दाखवतील आणि १० रीड्स सी. दुरुस्तीचा प्रोग्रॅम या ३० रीड्सचे एकमत काढून प्रत्येक रीड त्यानुसार बदलत असेल, तर सी असलेले दहाही रीड्स टी होतील आणि त्या दहा 'चुका' सुधारल्या अशी नोंद होईल. वास्तविक एका विशिष्ट बेसऐवजी दुसरा विशिष्ट बेस वाचला जाण्याची शक्यता एका रीडमागे दोन-तीन टक्क्यांच्या वर क्वचितच जाते, त्यामुळे दहा रीड्सनी योगायोगाने एकच चूक करावी हे जवळजवळ अशक्य आहे. ही माहिती रीड्समध्ये आहे; प्रश्न फक्त प्रोग्रॅम ती वापरतो की नाही एवढाच आहे.

आता प्रोग्रॅमकडे वळू. कॅनू (२०१७) हा सेलेरा असेंब्लरचा वारस आहे. तो दुरुस्ती, छाटणी आणि असेंब्ली असे तीन टप्पे करतो. दुरुस्तीत प्रत्येक रीडवर इतर रीड्स जुळवून त्यांचे एकमत काढले जाते आणि जिथे पुरेसा आधार मिळत नाही तिथे रीड तोडला किंवा छाटला जातो. कोणते रीड्स कोणाच्या दुरुस्तीला वापरायचे हे कॅनू बऱ्यापैकी विचारपूर्वक ठरवतो, त्यामुळे एकमेकांपासून दूर गेलेल्या प्रती तो सहसा मिसळत नाही. परंतु एका टक्क्याहून कमी फरक असलेली ॲलील्स वेगळी ठेवण्यासाठी प्रत्येक हॅप्लोटाइपला, म्हणजे तीनपैकी प्रत्येक गुणसूत्र-प्रतीला, चांगले कव्हरेज लागते, आणि तुमच्याकडे ते हॅप्लोटाइपमागे फक्त दहा पट आहे. ही कमतरता कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाही.

लॉरडेक (२०१४) आणि एफएमएलआरसी (२०१८) यांची पद्धत निराळी आहे. हे दोन्ही इल्युमिना रीड्समधील के-मर, म्हणजे ठरावीक 'के' बेस लांबीचे तुकडे, विश्वासार्ह मानतात, लाँग रीडमध्ये त्यांतील जे के-मर सापडतील त्यांना खुंट म्हणून धरतात आणि दोन खुंटांमधला भाग इल्युमिनाच्या डी ब्रॉइन आलेखातील (एकमेकांवर येणाऱ्या के-मरच्या जाळ्यातील) मार्गाने भरून काढतात. ९० टक्के अचूक रीडमध्ये २१ बेसचा तुकडा संपूर्ण बिनचूक असण्याची शक्यता ०.९ चा २१ वा घात, म्हणजे सुमारे ११ टक्के असते. ५९ बेसच्या तुकड्यासाठी हीच शक्यता ०.२ टक्क्यांवर येते. म्हणूनच एफएमएलआरसी पहिल्या फेरीत २१ चा के-मर घेतो आणि रीड बराच सुधारल्यावर दुसऱ्या फेरीत ५९ चा घेतो; इल्युमिना रीड्स एफएम निर्देशांकात (कोणताही तुकडा झटकन शोधता येणाऱ्या सूचीत) साठवल्यामुळे त्याला दोन्ही लांबींसाठी वेगळा आलेख बांधावा लागत नाही. लॉरडेकमध्ये के एकदाच ठरतो आणि साधारणपणे १९ घेतला जातो. पुनरावृत्त भागांत १९ च्या आलेखाला अनेक फाटे फुटतात, तर ५९ चा आलेख त्यांतील बरेच फाटे मिटवतो. हळदीसारख्या पुनरावृत्तीने भरलेल्या जीनोमसाठी या दोहोंतून मी एफएमएलआरसीच निवडेन, आणि त्याची रस्टमध्ये लिहिलेली दुसरी आवृत्ती घेईन, कारण ती वेगवान आहे.

मात्र या संपूर्ण गटाचा एक दोष ध्यानात ठेवायला हवा. आलेखातील मार्ग निवडताना प्रोग्रॅम रीडशी सर्वाधिक जुळणारा मार्ग घेतो. एका फाट्यावर सी आणि दुसऱ्यावर टी असेल आणि रीडमध्ये नेमकी तिथेच चूक असेल, तर तो कुठलाही फाटा घेऊ शकतो. परिणामी दुरुस्त रीडमधील प्रत्येक तुकडा खरा असतो, पण तुकड्यांची सांगड खोटी असू शकते: पहिले दोन हजार बेस एका हॅप्लोटाइपचे, पुढचे तीन हजार दुसऱ्याचे. तुमच्या दोन दुरुस्त प्रती जिथे जुळत नाहीत त्या जागा उघडून पाहा. माझा अंदाज असा की बहुतेक जागा एक तर होमोपॉलिमरच्या, म्हणजे एकच बेस सलग येणाऱ्या भागातील असतील, नाही तर अशा फाट्यांच्या असतील.

व्हीचॅट (२०२२) नेमक्या याच अडचणीसाठी लिहिला गेला. तो एका एकमताऐवजी व्हेरिएशन आलेख, म्हणजे फरक वेगळ्या फाट्यांनी दाखवणारे जाळे, बांधतो, ज्या कडांना पुरेसा आधार नाही त्या छाटतो आणि आधार असलेल्या सर्व कडा ठेवतो. विचार म्हणून तो तुमच्या कामाच्या सर्वांत जवळचा आहे, पण एक अब्ज बेसच्या जीनोमवर तो जड जातो आणि हॅप्लोटाइपमागे दहा पट कव्हरेजची मर्यादा त्यालाही आहेच. हेरो (२०२४) डीप लर्निंगवर चालतो आणि हॅप्लोटाइपमधील फरक दाखवणाऱ्या जागा ओळखून त्या राखतो. त्याचा उपयोग मुख्यतः सेलमसाठी होईल, कारण त्याचा भर आर १०.४.१ च्या रीड्सवर आहे. त्याचे प्रशिक्षण मानवी डेटावर झाले आहे आणि मानव द्विगुणित आहे. तिसरे ॲलील तो कसे हाताळतो हे तुम्हाला स्वतःच्या डेटावर तपासावे लागेल.

हे सर्व करण्याआधी एक काम करा. राजापुरीच्या फास्ट५ फाइल्स (यंत्राचा मूळ सिग्नल) जपून ठेवलेल्या असतील तर आर ९.४.१ साठी उपलब्ध असलेल्या सर्वांत अचूक मॉडेलने बेसकॉलिंग, म्हणजे सिग्नलवरून बेस वाचणे, पुन्हा करा. बेसकॉलरच्या नव्या आवृत्त्यांत जुन्या फ्लोसेलची मॉडेल्स आणि जुने फाइल प्रकार असतीलच असे नाही, म्हणून आवृत्ती पाहून घ्या. मूळ सिग्नलमध्ये असलेली माहिती पुन्हा वाचणे हे वाचून झालेल्या अक्षरांवर अंदाज बांधण्यापेक्षा केव्हाही चांगले.


उत्तर २
माणगंगा, आटपाडी

वरील उत्तर तपशीलवार आहे, परंतु मला एक मूलभूत हरकत नोंदवायची आहे. असेंब्लीपूर्वी रीड्स दुरुस्त केलेच पाहिजेत ही समजूत जुन्या पॅकबायो रीड्सच्या काळातील आहे. त्या वेळी रीडमध्ये दहा-पंधरा टक्के चुका असत, त्या प्रामुख्याने जास्तीच्या किंवा गाळलेल्या बेसच्या असत आणि बऱ्याच अंशी यादृच्छिक असत, त्यामुळे एकमत काढले की त्या धुऊन निघत. नॅनोपोरच्या चुका तशा नाहीत. आर ९.४.१ वर सहा-सात बेसचा होमोपॉलिमर अनेक रीड्समध्ये एकाच दिशेने आखूड वाचला जातो. सगळेच रीड्स तीच चूक करत असतील तर त्यांच्या एकमतातही तीच चूक राहणार. जीवाणूंमध्ये मिथिलेशनच्या ठरावीक जागांवरही असेच होते.

आमच्याकडे डाळिंबावरील तेल्या रोगाच्या झँथोमोनास जीवाणूवर काम चालते. जीनोम सुमारे ५० लाख बेसचा आणि एकगुणित. तिथे आम्ही रीड्स दुरुस्त करतच नाही. फ्लाय (२०१९) हा असेंब्लर कच्च्या रीड्सवरून थेट रिपीट आलेख (पुनरावृत्त भागांचे जाळे) बांधतो, त्यानंतर मेडाका आणि शेवटी इल्युमिना रीड्स घेऊन पॉलिपॉलिश हे पॉलिशिंगचे, म्हणजे तयार असेंब्लीतील चुका काढण्याचे, प्रोग्रॅम चालवतो. याचे कारण हिशेबात आहे. क्यू३० म्हणजे हजारात एक चूक, म्हणजे अशा जीनोममध्ये पाच हजार चुका; जीवाणूचे जनुक साधारण हजार बेसचे असते, तेव्हा सरासरीने प्रत्येक जनुकात एक चूक आली. ती चूक गाळलेल्या बेसची असेल तर वाचनचौकट सरकते आणि प्रथिन अर्धवट तुटलेले दिसते. क्यू५० ला (लाखात एक चूक) गेल्यावर संपूर्ण जीनोममध्ये ५० चुका उरतात. हा पल्ला रीड्सच्या दुरुस्तीने नव्हे, असेंब्लीनंतरच्या पॉलिशिंगने गाठता येतो, कारण तेव्हा इल्युमिनाचा रीड कोणत्या जागी बसतो हे बरेचसे निश्चित झालेले असते. पॉलिपॉलिशमध्ये तर प्रत्येक इल्युमिना रीड त्याच्या सर्व संभाव्य जागांवर जुळवला जातो, त्यामुळे पुनरावृत्त भागांतही दुरुस्ती होते.

दुरुस्तीच्या आणि लांबीनुसार गाळण्याच्या टप्प्यांत आखूड रीड्स बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर लहान प्लास्मिडही (जीवाणूतील मुख्य गुणसूत्राबाहेरचे छोटे डीएनए) जातात, हेही जीवाणूंवर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

हळदीसाठीही मी प्रथम फ्लाय कच्च्या रीड्सवर चालवून पाहीन आणि त्यातील हॅप्लोटाइप राखण्याचा पर्याय सुरू ठेवीन. तो सुरू नसेल तर फ्लाय समांतर मार्ग एकत्र करून टाकतो, म्हणजे उत्तर १ मधील भीती दुसऱ्या दाराने आत येते. दुरुस्ती टाळल्याने ॲलील्स आपोआप वाचतात असा माझा दावा नाही. निदान एकमत काढण्याची क्रिया एकदाच होते आणि ती कुठे झाली हे आपल्याला ठाऊक असते, एवढेच माझे म्हणणे आहे.


संगमकाठ, सांगली

दोघांचेही मनःपूर्वक आभार. राजापुरीच्या फास्ट५ फाइल्स आमच्याकडे आहेत, त्यामुळे बेसकॉलिंग पुन्हा करता येईल. न जुळणाऱ्या काही जागा उघडून पाहिल्या. यवतेश्वर सरांनी म्हटल्याप्रमाणे बऱ्याच जागी ए किंवा टी सलग आले आहेत. उरलेल्यांपैकी अनेक जागी इल्युमिना रीड्समध्ये खरोखरच दोन निरनिराळे बेस दिसतात.

माणगंगा सरांची सूचना मला पटते, परंतु कर्स जनुकांच्या प्रती असेंब्लीत एकत्र झाल्या तर त्या मला निदान रीड्सच्या पातळीवर मोजता यायला हव्यात. म्हणून कोणतीही वाट घेतली तरी दुरुस्त रीड्स मला लागतील. ॲलील्स टिकली की पुसली गेली, हे संदर्भ जीनोम न वापरता मोजण्याची एखादी पद्धत आहे का? मर्क्युरी या प्रोग्रॅमचा क्यूव्ही (के-मरवरून काढलेला अचूकतेचा गुण) पुरेसा आहे का?


उत्तर ३
पेठभाग, मिरज

पद्धत आहे, आणि तिला लागणारा डेटा तुमच्याकडे आधीच आहे.

इल्युमिना रीड्समधील २१ बेसच्या सर्व के-मरची गणती मेरिल किंवा केएमसी या प्रोग्रॅमने करा आणि किती के-मर किती वेळा आले याचा आलेख जीनोमस्कोप २.० मध्ये तीन गुणिततेसह पाहा. एकूण कव्हरेज ६० पट असेल तर एकाच हॅप्लोटाइपवर असलेल्या के-मरचे शिखर २० च्या किंचित खाली दिसेल, दोन हॅप्लोटाइपवर असलेल्यांचे ४० च्या आसपास आणि तिन्हींवर असलेल्यांचे ६० च्या आसपास. स्मजप्लॉट चालवला तर त्रिगुणिततेचीही स्वतंत्र खात्री होईल. यातून दोन संच बाजूला काढा: २० च्या शिखरातील के-मर आणि ६० च्या शिखरातील के-मर. शिखरांच्या मधल्या दऱ्यांतील के-मर घेऊ नका, ते कोणत्या गटातील आहेत हे सांगता येत नाही.

आता या दोन्ही संचांतील के-मर लाँग रीड्समध्ये सरासरी किती वेळा येतात ते दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर मोजा. कच्चे रीड्स ९३ टक्के अचूक धरले तर २१ चा के-मर बिनचूक राहण्याची शक्यता सुमारे २२ टक्के येते. म्हणजे हॅप्लोटाइपमागे दहा पट कव्हरेजमध्ये एका हॅप्लोटाइपवरचा के-मर सरासरी दोनदा आणि तिन्हींवरचा के-मर सुमारे साडेसहा वेळा दिसावा. दुरुस्तीनंतर दोन्ही आकडे वाढले पाहिजेत, पण त्यांचे गुणोत्तर एकास तीन असेच राहिले पाहिजे. ६० च्या शिखरातील के-मर तिसाच्या जवळ गेले आणि २० च्या शिखरातील के-मर दोन-तीनवरच अडकले किंवा त्याहून खाली आले, तर त्या प्रोग्रॅमने एकटी पडलेली ॲलील्स बहुमताला जोडून टाकली असे निःशंकपणे म्हणता येते. प्रोग्रॅमची तुलना या गुणोत्तरावर करा. तुमच्या प्रश्नासाठी चुकांच्या टक्केवारीपेक्षा ते कितीतरी अधिक बोलके आहे.

ही कसोटी कॅनू, व्हीचॅट आणि हेरोसाठी उत्तम चालते, कारण ते इल्युमिना डेटा पाहत नाहीत. एफएमएलआरसी आणि लॉरडेकसाठी ती अपुरी आहे. त्यांनी रीड्स इल्युमिनाच्याच के-मरने भरलेले असतात, त्यामुळे के-मर सापडणारच. मर्क्युरीच्या क्यूव्हीची अडचणही तीच आहे: ज्या इल्युमिना रीड्सनी दुरुस्ती केली त्यांच्याच के-मरने परीक्षा घेतली तर गुण फुगलेले मिळतात. दुसऱ्या लायब्ररीतून (वाचनासाठी स्वतंत्रपणे तयार केलेल्या डीएनए नमुन्यातून) आलेले इल्युमिना रीड्स परीक्षेसाठी राखून ठेवता आले तर अवश्य ठेवा.

सांगड खोटी झाली का, हे पाहण्यासाठी वेगळी तपासणी लागते. कच्चे आणि दुरुस्त रीड्स मिनिमॅप२ ने प्रसिद्ध असेंब्लीवर जुळवा. होमोपॉलिमरपासून दूर असलेल्या आणि इल्युमिनात स्पष्टपणे दोन बेस दाखवणाऱ्या अशा जागांच्या जोड्या निवडा, ज्यांच्यात दोन-तीन हजार बेसचे अंतर आहे. इल्युमिनाचा एकही तुकडा एवढे अंतर ओलांडत नाही, त्यामुळे या दोन जागांमधील संबंधाची साक्ष फक्त कच्चा लाँग रीड देतो. कच्च्या रीड्समध्ये पहिल्या जागेवरचा सी बहुतेक वेळा दुसऱ्या जागेवरच्या जी बरोबर येत असेल आणि दुरुस्त रीड्समध्ये तो जी आणि ए या दोघांबरोबरही येऊ लागला असेल, तर रीड मध्येच एका हॅप्लोटाइपवरून दुसऱ्यावर गेला आहे. कर्स जनुकांच्या परिसरातील काही जोड्या तर आयजीव्ही या रीड्स पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात. तुमचा निष्कर्ष शेवटी त्याच जागांवर उभा राहणार आहे.

प्रसिद्ध तुलनांविषयी एक गोष्ट सांगतो. २०१९ मध्ये जीनोम बायॉलॉजीत आणि २०२० मध्ये बीएमसी जीनोमिक्समध्ये आलेले दोन्ही आढावे काळजीपूर्वक केलेले आहेत, आणि दुसऱ्यात तर रीड्स टाकून देणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल सावध राहण्याचा स्पष्ट सल्ला आहे. त्यांतील कसोट्या मात्र मुख्यतः ई. कोलाय, यीस्ट आणि फळमाशी यांसारख्या जीवांवर घेतलेल्या आहेत. तिथला क्रम त्रिगुणित हळदीला जसाच्या तसा लावू नये. यात लेखकांचा दोष नाही, त्यांचा प्रश्न वेगळा होता.

तुमच्या प्रश्नातील एका गोष्टीची मला दुरुस्तीच्या प्रोग्रॅमपेक्षाही जास्त काळजी वाटते, आणि तिचा उल्लेख वर कोणी केलेला नाही. राजापुरी आर ९.४.१ वर आहे आणि सेलम आर १०.४.१ वर. नव्या फ्लोसेलमधील छिद्रात सिग्नल वाचणारे भाग दोन आहेत, त्यामुळे होमोपॉलिमर त्यात अधिक नीट वाचले जातात. परिणामी दोन वाणांत एकाच बेसच्या कमी-जास्तीचे असंख्य फरक दिसतील, आणि ते वाणांचे नसून फ्लोसेलचे असतील. राजापुरीला कॅनू आणि सेलमला हेरो लावला तर या फरकात आणखी एक भर पडेल. म्हणून तुलनेसाठी दोन्ही वाणांना एकच प्रोग्रॅम आणि एकच सेटिंग लावा, मग त्यात सेलमचे थोडे नुकसान झाले तरी चालेल. हेरोचे निकाल फक्त सेलमच्या असेंब्लीसाठी स्वतंत्र ठेवा. अंतिम यादीत तोच फरक घ्या ज्याला त्या त्या वाणाच्या इल्युमिना रीड्सचा पाठिंबा आहे, आणि होमोपॉलिमरमधील फरक पहिल्या फेरीत वगळाच.


उत्तर ४
कोयनावसाहत, कराड

वरील चर्चेत फक्त यंत्राविषयीची भर घालतो.

एक अब्ज बेस आणि ३० पट कव्हरेजसाठी कॅनूच्या दुरुस्तीला हजारो सीपीयू-तास लागतात, त्यामुळे ३२ कोअरवर काम बरेच दिवस चालेल. मध्येच लाइट गेली किंवा सर्व्हर बंद करावा लागला तर घाबरू नका. तीच आज्ञा त्याच फोल्डरमध्ये पुन्हा दिली की कॅनू पूर्ण झालेले टप्पे सोडून पुढे सुरू होतो. मधल्या टप्प्यांतील फाइल्स डिस्कची जागा मोठ्या प्रमाणात व्यापतात, ती आधी मोकळी करून ठेवा. एफएमएलआरसीच्या दुसऱ्या आवृत्तीला सर्वांत जड काम इल्युमिना रीड्सचा निर्देशांक बांधण्याचे असते. तो प्रत्येक वाणासाठी एकदा बांधला की सेटिंग बदलून पुन्हा पुन्हा वापरता येतो. नॅनोपोरसाठी लिहिलेला नेकॅट (२०२१) कॅनूपेक्षा बराच जलद आहे. पेठभाग यांनी सांगितलेल्या गुणोत्तराच्या कसोटीत तो कुठे बसतो हे पाहण्यासारखे आहे.

हेरो आता डोराडो या नॅनोपोरच्या बेसकॉलरमध्येच दुरुस्तीच्या उपआज्ञेच्या रूपात मिळतो, पण त्याला चांगले जीपीयू कार्ड हवे. तो दहा हजार बेसहून लांब रीड्स समोर ठेवून घडवलेला आहे, म्हणून सेलमच्या रीड्सची लांबी आधी तपासा. हळदीच्या गड्ड्यातील पॉलिफेनॉल आणि पॉलिसॅकराइडमुळे डीएनए तुटलेला किंवा अशुद्ध मिळण्याची शक्यता असते. कोवळ्या पानांपासून तो काढलेला नसेल तर बराच मोठा हिस्सा या मर्यादेखाली राहील, आणि गड्ड्यातील जीवाणूंचे रीड्सही मिसळलेले असतील. ते आधी वेगळे करणे इष्ट.

सर्व प्रोग्रॅम संपूर्ण डेटावर चालवण्याची आवश्यकता नाही. प्रसिद्ध असेंब्लीतील काही लांब तुकडे निवडा, कर्स जनुके असलेले तुकडे त्यात असू द्या, त्यांवर जुळणारे सर्व रीड्स बाजूला काढा आणि त्या छोट्या संचावर हे सर्व प्रोग्रॅम तपासा. व्हीचॅटही एवढ्या संचावर तुमच्या सर्व्हरवर आरामात चालेल. फक्त पुनरावृत्त भागांतील रीड्स अशा निवडीत अपुरे येतात, त्यामुळे गुणोत्तर मोजताना के-मरचे संचही त्याच तुकड्यांपुरते मर्यादित करा.

कॅनू, लॉरडेक, एफएमएलआरसी आणि डोराडोची दुरुस्ती या सर्वांकडून येणारी फाइल फास्टा स्वरूपाची असते, म्हणजे प्रत्येक बेसच्या गुणवत्तेचे आकडे तिथे संपतात. लॉरडेक निदान विश्वासार्ह बेस मोठ्या लिपीत आणि शंकास्पद बेस लहान लिपीत लिहितो. तो फरक पुढच्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये पुसला जाणार नाही याची काळजी घ्या. पुढे व्हेरियंट शोधताना मूळ फास्टक्यू (गुणवत्तेच्या आकड्यांसह रीड्स) आणि फास्ट५ पुन्हा लागणार आहेत, म्हणून डिस्क भरली तर कॅनूच्या मधल्या फाइल्स काढा, या दोन नव्हेत.